सेकंदाचा पंधरावा भाग

सोमवार, ८ जानेवारी

“चार,” बाउके म्हणाला. गुडघे टेकून त्यानं ड्रिल वर ओढलं, भोकात मोजपट्टी सोडली, डोळा बारीक केला. “साडेचार सेंटिमीटर.”

“चार की साडेचार?”

“मास्तर, बर्फ आहे हा. गणित नाही.”

अपूर्णांक त्याला पाचवीपर्यंत कळले नाहीत. मीच शिकवत होतो, म्हणून नक्की माहीत आहे. आज तो आमच्या बर्फ मंडळाचा अध्यक्षही आहे आणि बर्फ मोजणाराही. गावातल्या चारशे माणसांचं वजन पेलेल की नाही, हे त्याच्या अपूर्णांकांवर ठरतं.

“बुधवारी उघडू,” तो म्हणाला. “वारा पूर्वेचा राहिला तर. शनिवारी शर्यत. सोमवारनंतर पाऊस सांगितलाय.”

म्हणजे तीन वर्षांनी बर्फ आला आणि आठवड्यात जाणार. तरी पुरे. भिंतीवर विसावं चित्र लागेल.

मंडळाच्या खोलीतली ती भिंत माझी आहे. १९७९ पासून ज्या हिवाळ्यात बर्फ धरला, त्या प्रत्येक हिवाळ्याचं एक चित्र तिथं आहे. एकोणीस चित्रं, सगळी माझ्या हातची. आमच्याकडे रीत अशी की बर्फ जायच्या आत चित्र लागलं पाहिजे. नाही लागलं तर तो हिवाळा मोजत नाहीत.

परत फिरणार तेवढ्यात सचिवबाई घसरत आल्या. गेर्ब्रिख, वय चौतीस, धंदा गाईंचे खूर तासण्याचा. माझ्याच वर्गात होती. चित्रकलेत मी तिला दहापैकी चार देत असे, आणि त्यातही एक दयेचा असे.

“मास्तर, या वेळी मीपण काढणार बरं का फोटो.”

तिनं कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा माझ्या नाकाखाली धरला. मागच्या महिन्यात शहरातल्या बंदिस्त मैदानात निन्के सराव करत होती, तिचं चित्र. आमच्या गावातली वेगानं स्केटिंग करणारी एवढी एकच पोरगी.

“सेकंदाचा हजारावा भाग! बर्फाचा कण न् कण मोजून घ्या.”

मोजले. कण सगळे होते. धावणं नव्हतं. पोरगी हवेत टांगलेली, दुकानातल्या आकड्याला लटकवलेल्या बांगड्यासारखी. ही बाई सेकंदाला वीस चित्रं काढते आणि मग घरी बसून त्यातलं कुठलं बरं आलं ते शोधते. याला फोटो काढणं म्हणत नाहीत. मासेमारी म्हणतात.

मी एकच काढतो. शटर पंधराव्या भागावर. खेळाडू समोर यायच्या आधीच कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायला लागायचा, कमरेतून, श्वास सोडत, आणि तो बरोबर समोर आला की दाबायचं. दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. चेहरा स्थिर येतो आणि मागचं सगळं गाव, झाडं, माणसं, आडव्या रेघा होऊन वाहून जातं. वेग म्हणजे काय ते तेव्हा दिसतं. तिपाई लावून हे जमत नाही. तिपाई चर्चचे फोटो काढणाऱ्यांसाठी असते.

बाउके नाक पुसत म्हणाला, “दोघंही काढा की. सोमवारी समिती मत घेईल. भिंतीवर एकच लागेल.”

माझ्या चित्रावर मतदान. पंचेचाळीस वर्षांत प्रथम.

बुधवार, १० जानेवारी

आठ सेंटिमीटर. उघडलं. सकाळी दहापासून सगळं गाव कुरणात सोडलेल्या, आता गोठलेल्या त्या पाण्यावर. ज्यांना जमिनीवर नीट चालता येत नाही तेही.

निन्केनं माझ्यासाठी सहा फेऱ्या मारल्या. सहा वेळा दाबलं. दुपारी न्हाणीघरात फिल्म धुतली. सहाही फुकट. चेहरा एकाचाही हाती लागत नाही. डोळ्यांच्या जागी दोन दोन डोळे.

हातमोजे बोटं कापलेले घातले होते. उणे सात अंशांत कुणाचे हात कुरकुरणार नाहीत? उद्या जाड हातमोजे घालून शेवटच्या क्षणी काढावेत.

फोक्येनं कॉफी पुन्हा अर्धा कप दिली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, आणि आता हिला कॉफीची काटकसर सुचते. विचारलं तर म्हणते, “अर्धी पी, मग परत देते.” मग एकदाच का देत नाही?

हे नवीन पेनही टाकाऊ आहे. अक्षर पाहा. मी चाळीस वर्षं मुलांना वळणदार अक्षर शिकवलं आणि आज बाजारात ओळीवर चालणारं एक पेन मिळत नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

कॅमेरा घेऊन शहरात दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं शटर यंत्रावर लावलं, आकडे पाहिले, पुन्हा लावलं.

“पंधरावा भाग अगदी पंधरावा आहे. मला हा विकत देता का?”

“मग चित्रं हलतात कशी?”

तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. काउंटरवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहत होता. मला वाटतं, घड्याळावर डोळा होता त्याचा. जुनं, किल्लीचं घड्याळ आहे माझं.

“एखाद्या वेळी तिपाई लावून बघा,” म्हणाला.

माणसं स्वतःला कारागीर म्हणवतात आणि दोष सापडला नाही की गिऱ्हाइकाला तिपाई सांगतात. पैसे घेतले नाहीत त्यानं. घ्यायला तोंडच नव्हतं.

शुक्रवार, १२ जानेवारी

कारण सापडलं.

काल रात्रभर विचार केला होता. कॅमेरा बरा. डोळा बरा. थंडी म्हणावी तर १९८५ साली उणे चौदात काढलेलं चित्र भिंतीवर आहे, त्यात निन्केच्या आजीच्या टोपीची वीण मोजता येते. मग बदललं काय? बर्फ झाडायचं यंत्र. पूर्वी माणसं खराट्यानं झाडायची. दोन वर्षांपूर्वी बाउकेनं इंजिनवालं यंत्र घेतलं आणि यंदा ते पहिल्यांदा बर्फावर फिरतंय. एवढासा बर्फ, खाली पाणी. दुसऱ्या टोकाला इंजिन चाललं तर अख्खा बर्फ थरथरणार, आणि त्यावर उभा असलेला मी.

वाटणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. संध्याकाळी पाचला सुपाच्या टपरीवर दिवा लागला तेव्हा बर्फावर उभा राहिलो. यंत्र चालू होतं. शटर पूर्ण एका सेकंदावर लावलं आणि दिव्याकडे रोखून कॅमेरा संथ, सरळ आडवा फिरवला. बर्फ स्थिर असेल तर दिव्याची सरळ रेघ यावी. बर्फ हलत असेल तर रेघ हलेल. पाचवीच्या मुलालाही समजेल असा प्रयोग.

गेर्ब्रिख वाटाण्याचं सूप पीत टपरीशी उभी होती.

“काय शोधताय, मास्तर?”

सांगितलं. पेला ठेवून ती माझ्या शेजारी आली, तिच्या कॅमेऱ्यावर काहीतरी बंद केलं, एक सेकंद लावला आणि माझ्यासारखाच दिव्यावरून फिरवला. पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला न दाखवता मुकाट्यानं कॅमेरा खिशात टाकला.

हरल्याची खूण.

“यंत्र बंद करून पण एकदा काढून बघा ना,” एवढंच म्हणाली. आवाज अगदी लहान.

“उत्तर आल्यावर तेच गणित पुन्हा करत बसायचं नसतं.”

घरी फिल्म धुतली, ओली असतानाच दिव्यासमोर धरली. लाटा. एका सेकंदात पाच. कित्त्याच्या वहीतल्यासारख्या, एकीसारखी दुसरी. इंजिनाशिवाय इतकं नियमित काही हलत नाही.

तडक बाउकेच्या घरी गेलो. जेवत होता. निगेटिव्ह त्याच्या ताटावर धरली. तो पाहत राहिला. त्याची बायको पाहत राहिली.

“सेकंदाला पाच,” मी म्हणालो. “तुझं इंजिन.”

“हो,” बाउके म्हणाला.

“म्हणजे मान्य?”

“उद्या यंत्र नाही चालवत, मास्तर. खराटे काढतो.”

एरवी हा माणूस बटाटे सोलायच्या सुरीवरूनही तास तास वाद घालतो. पुरावा समोर ठेवला की असं होतं. शिक्षणाचा काही तरी परिणाम राहिलेला दिसतो.

निघताना त्याच्या बायकोनं माझ्या कोटाची बटणं लावून दिली. मी काय लहान आहे? पण गरम सुपाचा वास होता, भांडण नको म्हणून उभा राहिलो.

शनिवार, १३ जानेवारी

शर्यत. एकशेसाठ मीटर, दोघं दोघं, दोन धावा जिंकेल तो पुढे, हरला तो बाहेर.

पहाटेपासून अकरा माणसं खराट्यानं बर्फ झाडत होती. मी सांगितलं म्हणून. एकानंही तक्रार केली नाही. गावाला एकदम एवढं शहाणपण कुठून आलं कळत नाही. फक्त कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. यंत्र गेल्याचा राग असेल.

गेर्ब्रिख माझ्यापासून चार पावलांवर.

“तुमच्याइतकाच लावलाय, मास्तर. पंधरावा भाग.”

“हजारावा कुठं गेला?”

“तुम्ही म्हणालात ना, टांगलेला बांगडा. घरी जाऊन बघितलं. होता बांगडा.”

मी फिल्म पुढे ओढली. चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला लगेच शाबासकी दिली की तो तिथंच थांबतो.

ती फिरते मात्र खांद्यातून. कमरेतून फिरावं. तीन शर्यती मी सहन केलं, मग सांगितलं. “पाय रुंद. कोपर बरगडीला. समोर आल्यावर वळायला लागलीस तर उशीर झाला, ती दूर असल्यापासून वळ. आणि दाबल्यावर थांबू नको. थांबलीस की संपलं.”

“असं?”

“त्याहून बरं.”

अंतिम फेरी निन्के आणि पलीकडच्या गावची एक. निन्के दुसऱ्या धावेत जिंकली, हातभर अंतरानं. मी दाबलं. पायाखाली इंजिन नाही, काही नाही. बर्फ दगडासारखा.

गावकऱ्यांनी टोप्या उडवल्या. फोक्येनं मला हाताला धरून काठावर आणलं. बर्फावर एरवी आधार मी तिला देतो. आज उलट होतं. सगळ्यांसमोर कशाला हे.

रविवार, १४ जानेवारी

चर्च. प्रवचन शटर उघडं राहिल्यासारखं, लांब आणि धूसर.

दुपारी छापलं. तेवीस निगेटिव्ह. बावीस टाकल्या. अंतिम फेरीची एक उरली. तिच्यात निन्केचा चेहरा आहे म्हटलं तर आहे. मागच्या रेघा आडव्या न राहता आकड्यासारख्या खाली वळल्यात. काठावर उभी माणसंसुद्धा दोन दोन. यंत्र बंद होतं. बहुधा एवढ्या माणसांच्या उड्यांनी बर्फ हलला.

पण वेळ लावून पाहिलं की त्यात जोर आहे. सगळंच हलतंय. हालचाल हाच विषय असेल तर चेहरा स्थिर हवा हा हट्ट कशासाठी? आजवर आपण फार पुस्तकी राहिलो असू.

कागद रसायनात घालताना अर्धं सांडलं. फोक्ये आली, तबक माझ्या हातून घेतलं, शेवटपर्यंत तिनंच हलवलं. तिला हे काम कधी शिकवलं नव्हतं. बघून शिकली असेल.

“बरं आलंय ना?” मी विचारलं.

“मला त्यातलं काय कळतं,” म्हणाली. सेहेचाळीस वर्षं प्रत्येक चित्राला नावं ठेवत आली आहे.

सोमवार, १५ जानेवारी

संध्याकाळी सातला समिती. पंधरा माणसं, एक किटली, राय धान्याचा पाव आणि डुकराची चरबी. बाहेर वारा फिरलेला, नैऋत्येचा.

टेबलावर दोन चित्रं पालथी. बाउकेनं माझं आधी उलटलं.

माना पुढे झाल्या. मग सगळे एकदम बोलले. “वा.” “मास्तरांचा हात लगेच कळतो.” हे म्हणणाऱ्याला शेजारच्यानं कोपर मारलं. “काय वेग आहे.” “वेगळंच आहे या वेळी.”

“मग मत घेऊ,” बाउके म्हणाला. “मास्तरांचं चित्र. हात वर.”

हात वर झाले. जवळजवळ सगळे.

मी मोजले. सवय आहे. माझा सोडून तेरा. या समितीत मी बेचाळीस वर्षं बसतोय. सुपात सॉसेज असावा की नसावा यावर १९९७ मध्ये आठ विरुद्ध सात झालं होतं आणि दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. या लोकांनी कधीही, कशावरही, तेरा हात वर केलेले नाहीत. आणि दुसरं चित्र अजून पालथंच होतं. कुणी ते बघायलासुद्धा मागितलं नव्हतं.

“विरुद्ध?” बाउकेनं विचारायचं म्हणून विचारलं.

गेर्ब्रिखनं हात वर केला.

“गेर्ब्रिख,” कुणीतरी दात खाऊन म्हणालं.

“विरुद्ध,” ती म्हणाली. “हललंय.”

“अगं, हालचालीचंच चित्र आहे ते,” बाउके म्हणाला. “बस खाली. मास्तरांचं आहे ना. लागू दे की.”

लागू दे.

हा सूर मला ओळखीचा. वर्गाच्या भिंतीवर कच्च्या मुलांची चित्रं लावताना मी चांगल्या मुलांना हेच सांगत असे, ओठाच्या कोपऱ्यातून. लागू दे. बाउकेच्या चित्रांबद्दलही सांगितलं असेल. मीच शिकवलेला सूर तो मलाच लावत होता, आणि बाकीची माणसं टेबलाकडे पाहत होती.

“तू चित्र कधी काढायला लागलीस?” मी गेर्ब्रिखला म्हणालो. “खूर तास. गाईंना मत नसतं.”

कुणी हसलं नाही. तिच्या मानेवर लाल डाग चढले, पण ती बसली नाही. खिशातून कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवला. काळ्यावर एक पांढरी रेघ. सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.

“टपरीचा दिवा. शुक्रवारी. एक सेकंद. तुमच्या शेजारी उभी होते. यंत्र चालू होतं.”

“तुझ्या कॅमेऱ्यात थरथर मारायचं यंत्र असतं.”

“ते बंद केलं होतं. तुम्ही बघत होतात.”

बघत होतो.

“तेव्हाच का नाही दाखवलंस?”

“धीर झाला नाही, मास्तर.” तिनं माझं चित्र उचलून माझ्यासमोर धरलं. “कुणाचं आहे ते विसरा. पाचवीतल्या कुणी आणून दिलंय असं समजा. दहापैकी किती?”

“पुरे आता!” बाउके ओरडला. “ठराव झालाय. लावा चित्र.”

लावलं. टाळ्या वाजवल्या. मला किटलीतलं पहिलं सूप दिलं. वाडगा अर्धा होता. खोलीतल्या बाकी सगळ्यांचे काठोकाठ होते. मी आज पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर तिचा तो कागद आणि माझी शुक्रवारची निगेटिव्ह दिव्याखाली शेजारी ठेवली. तोच दिवा, तोच बर्फ, तेच मिनिट. एका सेकंदात पाच.

मग डावा हात टेबलावर ठेवला आणि घड्याळ लावून मोजलं. दहा सेकंदांत पन्नास. एकदा मोजून थांबलो नाही, तीनदा मोजलं. उत्तर येऊनही.

फोक्ये दारात उभी होती.

“तुला केव्हापासून माहीत आहे?”

“मागच्या वसंतापासून.”

“आणि गावाला?”

“गाव काय आंधळं आहे, हेसेल?”

इतकी माणसं, आणि सगळी मिळून मला फसवत होती. अकरा जणांनी पहाटे उठून खराटे मारले, पण एका वाक्याची हिंमत नव्हती. मी यांना वाचायला शिकवलं, मोजायला शिकवलं, आणि एवढं साधं मोजून सांगायची वेळ आली तर चौदातली एकच तोंड उघडते. तीही चारवाली.

माझ्या चित्राला दहापैकी तीन. त्यातला एक दयेचा.

मंगळवार, १६ जानेवारी

पहाटेपासून पाऊस. बर्फावर घोट्याएवढं पाणी, पण कडा अजून धरून होत्या.

साडेआठला बाउकेकडून किल्ली घेतली. माझं चित्र उतरवलं. निरोप मिळताच गेर्ब्रिख गोठ्यातून तशीच बूट घालून आली. तिचं चित्र काल पालथंच राहिलं होतं, ते उलटून पाहिलं. निन्केचा चेहरा स्थिर आहे, कपाळावरचे केस मोजता येतात. मागचं गाव आडवं वाहून गेलं आहे. क्षितिज डावीकडे अर्धा अंश कललंय. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “पुढच्या बर्फाला बघते.”

खिळा तिनं ठोकला. चौकट सरळ आहे की नाही ते मी लांबून सांगितलं.

फोक्ये गाडी चालू ठेवून बाहेर थांबली होती. सव्वादहाला डॉक्टर.